मेलबर्नचे चार गोल : नेव्हिल डिसूझा

भारताचा फुटबॉल संघ आजवर चार वेळा ऑलिंपिकमध्ये खेळला : १९४८ साली लंडनला, १९५२ साली हेलसिंकीला, १९५६ साली मेलबर्नला आणि १९६० साली रोमला. त्यानंतर आपण त्या दारापर्यंत पुन्हा पोचलो नाही. या चारही स्पर्धा मिळून भारताच्या नावावर एकूण दहा गोल आहेत. त्या दहांपैकी चार गोल एकाच माणसाचे आहेत आणि ते त्याने तीन दिवसांच्या अंतराने झालेल्या दोन सामन्यांत केले. त्या माणसाचे नाव नेव्हिल डिसूझा.

कॅडेट मित्रांनो, मेजर ध्यानचंद यांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. हॉकीतला तो महान सेंटर फॉरवर्ड फौजेतला होता, म्हणून आपल्या शाळांतून त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. फुटबॉलमधल्या या फॉरवर्डचे नाव मात्र क्वचितच निघते. मी पायदळात नोकरी केली, आता गाझियाबादला राहतो आणि माझा मुलगा तुमच्यासारखाच कॅडेट आहे. तो संघात पुढच्या फळीत खेळतो. त्याला सांगण्यासाठी मी नेव्हिल डिसूझा यांची माहिती जमवत गेलो, तेव्हा वाटले की ही हकीकत एकट्या घरात ठेवण्यासारखी नाही. म्हणून हा लेख.

नेव्हिल डिसूझा यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या आसगावला झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला तरी गोवा झाला नाही. नोकरीधंद्यासाठी मुंबईला येणारी गोव्याची कुटुंबे त्या काळी पुष्कळ होती. धोबीतलाव, माझगाव, बांद्रा या भागांत ही मंडळी स्थिरावली आणि त्यांच्याबरोबर फुटबॉलही तिथे रुजला. नेव्हिल यांचा खेळ बहरला तो याच मुंबईत. त्यांचा धाकटा भाऊ डेरेक हाही नावाजलेला फुटबॉलपटू झाला.

आज व्यावसायिक फुटबॉलपटू म्हटले की करार, लिलाव आणि कोट्यवधी रुपये डोळ्यांसमोर येतात. त्या काळी तसे काही नव्हते. ऑलिंपिकला तर फक्त हौशी खेळाडूंनाच प्रवेश असे. आपल्याकडे खेळाडूचे पोट भरत असे ते नोकरीवर. रेल्वे, पोलीस, फौज आणि मोठ्या कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी देत आणि ते त्या संस्थेच्या संघातून खेळत. पी. के. बॅनर्जी रेल्वेत होते. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला. मुंबईत टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्यांचे संघ होते. कुपरेज मैदानावर त्यांचे सामने रंगत. नेव्हिल डिसूझा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. १९५४ साली मुंबईने संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली, त्या यशातही त्यांचा वाटा होता. फुटबॉल हीच त्यांची ओळख होती, आणि त्याच्या जोरावर मिळत होती ती साधी, महिन्याच्या पगाराची नोकरी.

आता थोडे मागे जाऊ, कारण मेलबर्नचे मोल कळायला हेलसिंकी माहीत हवे.

१९४८ साली लंडनला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून आपण १–२ असे हरलो. दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर निकाल वेगळा लागला असता. लंडनचे प्रेक्षक आपल्या खेळाडूंवर खूश झाले आणि अनवाणी खेळाचे कौतुक झाले. मग १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. गाझियाबादहून यमुना ओलांडून इंडिया गेटकडे गेलात की जे नॅशनल स्टेडियम लागते आणि ज्याला आता मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे, तिथेच मेवालाल यांच्या एकमेव गोलावर आपण इराणला हरवून सुवर्णपदक मिळवले. देशाला वाटले, आता आपण तयार झालो.

पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या थंडीत, ओल्या मैदानावर युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ असे हरवले. आशियातले विजेते असलेल्या संघाची ही गत झाली. त्या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. सवय मोडणे सोपे नसते. पण अनवाणी पायाने मिळणारी चेंडूची जाण बुटातही यावी, यासाठी पुढची चार वर्षे मेहनत झाली. तिच्यामागे मुख्य माणूस होता हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. शिक्षकी पेशातून आलेला हा माणूस शिस्तीचा कडक होता. चेंडू पायात घोळवत बसण्यापेक्षा तो चटकन पुढे द्यावा आणि आपण मोकळ्या जागेत धावावे, हा त्यांचा आग्रह असे.

१९५६ साली रहीम साहेबांनी मेलबर्नला नेलेला संघ देशाच्या कानाकोपऱ्यांतून आला होता. कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी आणि निखिल नंदी बंगालचे, तुलसीदास बलराम, अझीझ, नूर महंमद हैदराबादचे, केंपय्या आणि कन्नयन म्हैसूरकडचे. गोलकीपर पीटर थंगराज आपल्या फौजेतले, मद्रास रेजिमेंटल सेंटरचे. त्यांची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुरुवातीला ते फॉरवर्ड होते. पुढे गोलमध्ये उभे राहिले आणि आशियातल्या उत्तम गोलकीपरांत त्यांची गणना झाली. त्यांच्या सेंटरने १९५५ साली ड्युरँड कपही जिंकला होता. आणि याच संघात, पुढच्या फळीत, नेव्हिल डिसूझा होते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नेव्हिल भारताचा शर्ट घालून मेलबर्नच्या मैदानात उतरले तेव्हा त्यांचे जन्मगाव परक्या झेंड्याखाली होते. आदल्याच वर्षी गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षे होती. १८ डिसेंबर १९६१ ला ऑपरेशन विजय सुरू झाले, ब्रिगेडियर सगत सिंग यांची पॅरा ब्रिगेड पणजीपर्यंत धडकली आणि १९ तारखेला पोर्तुगीज फौजेने शरणागती पत्करली. तोवर आसगाव नकाशावर भारताचे नव्हते. त्या आसगावात जन्मलेल्या खेळाडूने मात्र भारतासाठी गोल करून ठेवले होते.

मेलबर्नची स्पर्धा अशांत वातावरणात भरली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते आणि सुएझच्या कालव्यावर लढाई पेटली होती. अनेक देशांनी बहिष्कार घातला. फुटबॉलमध्ये शेवटी अकराच संघ उरले. आपला पहिला सामना हंगेरीशी होता, तोही माघारीमुळे झाला नाही. आपण थेट उपांत्यपूर्व फेरीत आलो. पुढ्यात यजमान ऑस्ट्रेलिया उभा होता. तारीख १ डिसेंबर १९५६.

नेव्हिल तेव्हा २४ वर्षांचे होते.

नवव्या मिनिटाला कर्णधार बॅनर्जी यांनी मारलेला चेंडू गोलच्या खांबाला लागून परत आला. असा चेंडू परत येतो तेव्हा मैदानावरच्या बहुतेकांचे पाय क्षणभर थांबतात. नेव्हिल यांचे थांबले नव्हते. त्यांनी डोक्याने चेंडू जाळ्यात टाकला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो याने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला उजवीकडून पी. के. बॅनर्जी यांचा क्रॉस आला आणि नेव्हिल यांनी दुसरा गोल केला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मॉरोनेच पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला २–२.

दोनदा आघाडी घ्यावी आणि दोनदा ती हातची जावी, तीही यजमानांच्या मैदानावर, त्यांच्या प्रेक्षकांपुढे. अशा वेळी संघाची कसोटी लागते. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी, म्हणजे पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिल यांनी तिसरा गोल केला. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा घातला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले, आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचलेला भारत हा पहिला आशियाई संघ.

४ डिसेंबरला उपांत्य सामना. मैदान तेच, जिथे आपण क्रिकेटचे कसोटी सामने बघतो, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. प्रतिस्पर्धी युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल घातले होते. या वेळीही अमेरिकेला ९–१ असे हरवून तो संघ आला होता. मध्यंतरापर्यंत आपण त्यांना एकही गोल करू दिला नाही. आणि बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल डिसूझा यांनी गोल केला. भारत १, युगोस्लाव्हिया ०.

ज्या युगोस्लाव्हियाकडून आपण दहा गोल खाल्ले, त्याच्यावर आपण ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात आघाडी घेतली होती. अंतिम सामना अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर होता. ही आघाडी दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटाला पापेत्स याने बरोबरी केली, सत्तावन्नाव्या मिनिटाला वेसेलिनोविच याने दुसरा गोल घातला, पासष्टाव्या मिनिटाला पापेत्सने तिसरा. पुढे आपल्याच खेळाडूकडून एक गोल आपल्याच जाळ्यात गेला. १–४.

पायदळात काम केलेल्या कोणालाही या पाच मिनिटांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आम्हाला शिकवलेले असते की ऑब्जेक्टिव्ह हाती आला म्हणजे काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. माथ्यावर पोचलेला जवान दमलेला असतो, आनंदात असतो, सेक्शन विखुरलेले असते, आणि नेमका त्याच वेळी शत्रूचा काउंटर अटॅक येतो. म्हणून माथा घेतल्याबरोबर आधी माणसे मोजायची, दारूगोळा वाटून घ्यायचा, आपापला मोर्चा धरायचा, शाबासकी मग. युगोस्लाव्हियासारख्या मुरलेल्या संघाला गोल खाल्ल्यावर काय करायचे हे ठाऊक होते. आपल्या संघाला अशी आघाडी सांभाळण्याचा अनुभवच नव्हता, कारण त्याआधी आपण तिथवर कधी पोचलोच नव्हतो. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. चार वर्षांत १–१० वरून इथवर येणे हीच मोठी चढाई होती. पण तुम्ही उद्या प्लाटून घेऊन चढाल, तेव्हा बावन्नावे मिनिट आणि सत्तावन्नावे मिनिट ही दोन्ही लक्षात ठेवा.

७ डिसेंबरला कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाशी झाला आणि आपण ०–३ असे हरलो. चौथा क्रमांक. पदक नाही. युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने १–० असे हरवले. स्पर्धेतले सर्वाधिक गोल तिघांचे ठरले, प्रत्येकी चार : युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि भारताचे नेव्हिल डिसूझा. पहिल्या दोघांच्या गळ्यात पदके होती.

काही जाणकार म्हणतात की ती स्पर्धाच दुबळी होती. हंगेरी आली नाही, संघ अकराच होते. हे खरे आहे. पण जो संघ समोर येतो त्याच्याशीच खेळायचे असते. ऑस्ट्रेलिया जपानला हरवून आला होता आणि आपल्या घरच्या मैदानावर खेळत होता. ऑलिंपिक संपल्यावर सिडनीत त्यांच्याशी आणखी एक सामना झाला, तोही भारताने ७–१ असा जिंकला. तेव्हा पहिला विजय काही नशिबाने मिळाला नव्हता. शिवाय त्याच स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बाद झालेल्या जपानने पुढे बारा वर्षे चिकाटीने मेहनत केली आणि १९६८ साली मेक्सिकोत कांस्यपदक जिंकले. त्यांचा कामामोतो हा फॉरवर्ड सात गोल करून त्या स्पर्धेत पहिला आला. आपण १९५६ साली जपानच्या पुढे होतो. पुढे गेलेला माणूस तिथेच बसला की मागचा त्याला गाठून निघून जातो, एवढाच याचा अर्थ.

नेव्हिल यांच्या नशिबी पुढे फारसा गाजावाजा आला नाही. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला. फुटबॉलचा पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, दुसऱ्या वर्षी बलराम यांना, पुढे १९६७ साली थंगराज यांना. तिघेही मेलबर्नचे साथीदार आणि तिघेही त्या मानाला पूर्ण पात्र. नेव्हिल डिसूझा यांचे नाव मात्र त्या यादीत कधी आले नाही. मार्च १९८० मध्ये ते वारले. वय होते अवघे ४७. टीव्हीवर सामने घरोघरी दिसू लागण्याच्या आधीचा तो काळ. त्यामुळे ज्या देशासाठी त्यांनी गोल केले, त्या देशातल्या फारच थोड्या लोकांनी त्यांना खेळताना पाहिले.

आमच्या गाझियाबादच्या वस्तीत संध्याकाळी मुले फुटबॉल खेळतात. कोणाच्या पाठीवर मेस्सी, कोणाच्या पाठीवर रोनाल्डो. त्यात वाईट काही नाही. चांगला खेळ कुठलाही असो, पाहावा आणि शिकावा. पण मी पाहतो की ज्याला त्याला फॉरवर्डच व्हायचे असते, आणि फॉरवर्ड म्हणजे चेंडू मागून घेऊन जोरात मारणारा, अशी समजूत असते. नेव्हिल यांचा पहिला गोल आठवा. तो चेंडू त्यांनी मागितलेला नव्हता. कर्णधाराने मारला, खांबाला लागला, आणि जिथे तो परत येणार तिथे ते आधीच निघालेले होते. दुसऱ्याचा फटका वाया जाऊ नये म्हणून धावायचे, आणि दहापैकी नऊ वेळा ते धावणे फुकट जाते हे माहीत असूनही दहाव्यांदा धावायचे, हे फॉरवर्डचे खरे काम. फुकट गेलेल्या त्या नऊ धावांची नोंद कोणी ठेवत नाही. त्या धावल्या नसत्या तर दहावीही झाली नसती.

फौजेची नोकरीही पुष्कळशी अशीच आहे. रात्रभर उभे राहिलेल्या संत्र्याच्या ड्यूटीत बहुतेक रात्री काहीच घडत नाही, आणि काही घडले नाही याचे पदक कोणाला मिळत नाही. पदक मिळते त्याचे अभिनंदन मनापासून करावे. ज्याला मिळत नाही त्याने केलेले काम त्यामुळे कमी होत नाही. नेव्हिल डिसूझा यांना पदक मिळाले नाही, पुरस्कार मिळाला नाही. पण ऑलिंपिकच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे चार हा आकडा आहे आणि तो कोणाला खोडता येत नाही.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. मुलगा सामना खेळून आला की आपण पहिला प्रश्न विचारतो तो गोल किती केले याचा. कधीतरी हेही विचारू या की कितीदा धावलास आणि शेवटपर्यंत धावलास का.

आणि कॅडेट मित्रांनो, पुढच्या हाउस मॅचला तुमच्या सोबत्याचा फटका खांबाला लागेल आणि बघणारे हळहळतील. त्या वेळी तुमच्या डोक्याला हात जाऊ देऊ नका. चेंडू अजून मैदानात आहे.